पुराच्या पाण्यात न बुडलेल्या नोंदी

आजच्या सभेच्या सन्माननीय अध्यक्षा डॉ. पूर्णिमाताई, व्यासपीठावर विराजमान झालेले आणि कितीही विनवलं तरी "आम्ही खालीच बरे" म्हणून पहिल्या रांगेत बसून राहिलेले मान्यवर, आपल्या कृष्णा-पंचगंगा मदत मंडळाचे खजिनदार सयाजीराव, शिरोळ, हातकणंगले, करवीर अशा तालुक्यांतून गाड्या बदलत आलेले कार्यकर्ते, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आपली आदिती, तिचे आई-वडील रत्नाबाई आणि धनपाल आप्पा, आणि मागच्या बाजूनं येणाऱ्या मसालेभाताच्या वासाकडं दुर्लक्ष करून इथं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी हंबीरराव, आपल्या मंडळाचा अध्यक्ष. माझी सगळी नोकरी एसटीत झाली, कोल्हापूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. त्यामुळं माइक हातात आला की आधी फलाट सांगावासा वाटतो. आज तसं होणार नाही याची काळजी घेतो, पण गाडी थोडी उशिरा सुटेल एवढं आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या मंडळी, ज्यांना अख्खी राजारामपुरी आक्का म्हणते, त्या समोरच बसल्या आहेत. फार लांबलं तर त्या आवाज देतील, आणि त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही हे आपण जाणताच.

आदिती पुढच्या आठवड्यात गुवाहाटीला निघाली आहे. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या गावांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला बोलावलंय. इथं जे केलं ते तिकडं उभं करायला. आता इथं तिनं नेमकं केलं काय, असं मला रोज कुणीतरी विचारतं. "डेटाबेस केला" असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात. म्हणून आज अध्यक्षांच्या परवानगीनं ते जरा सविस्तर सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ऐकल्यासारखं करावं.

आपलं मंडळ जुनं. पूर आला की बोटी लावायच्या, माणसं काढायची, कॅम्पात पोचवायची, जेवणखाण बघायचं. कोण कुठं आहे याची सगळी माहिती आपल्या शाहूपुरीतल्या ऑफिसात एका संगणकात असायची. तळमजल्यावर. त्या मोठ्या पुरात काय झालं, आठवतंय ना? आपण सगळे बोटी घेऊन शिरोळकडं, आणि इकडं पाणी पहिल्यांदा शिरलं ते आपल्याच ऑफिसात! पूरग्रस्तांना मदत करणारं मंडळ स्वतःच पूरग्रस्त झालं. कोणत्या कॅम्पात कोण, कुणाचं लेकरू कुठं, कुणाची म्हातारी कुणाच्या बोटीत, सगळं त्या खोक्यात होतं आणि खोकं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर सयाजीरावांनी तो संगणक गच्चीवर नेऊन उन्हात वाळत ठेवला. सयाजीराव, हसू नका. शेजारच्यांनी कुरडया समजून कावळे हाकलले होते.

नेमकी त्याच दिवशी ही मुलगी चादरींचा गठ्ठा घेऊन आली. पुण्यातल्या एका कंपनीत कामाला होती, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून घरून काम मागून कोल्हापुरात आईजवळ राहिलेली. चादरी ठेवल्या आणि विचारलं, "काका, कुठल्या कॅम्पात कुणाला चादरी लागतात ते कुठं बघायचं?"

मी गच्चीकडं बोट केलं.

ती हसली नाही. वर जाऊन त्या संगणकाकडं बघून आली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही."

मग सभा झाली. आदितीनं सांगितलं, आता ऑफिसात काही ठेवायचंच नाही, माहिती क्लाउडवर ठेवायची. सयाजीराव ताडकन उठले. "ढगात? पोरी, ढगानंच तर बुडवलंय आमाला!"

सभा हसली आणि तीही हसली. पण तिनं आपला मुद्दा सोडला नाही. म्हणाली, याला सर्व्हरलेस म्हणतात. म्हणजे सर्व्हर नसतो असं नाही. असतो, पण दुसऱ्याच्या दारात, कोरड्या जागी. त्याची राखण आपण करायची नाही. कुणी काही विचारलं की तो जागा होतो, जेवढी माणसं येतील तेवढा पसरतो, काम संपलं की आवरून झोपतो. बिल पडतं ते मुख्यतः जागेपणाचं. आपल्याकडं अकरा महिने त्याच्याकडं कोणी ढुंकून बघणार नाही आणि एके दिवशी राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढली की एकाच दुपारी अख्खा जिल्हा येऊन धडकणार.

मंडळी, इतरांचं माहीत नाही, मला हे लगेच पटलं. जोतिबाच्या यात्रेला जादा गाड्या सोडलेला माणूस आहे मी. चैत्रात लागतात म्हणून तेवढ्या गाड्या वर्षभर स्टँडवर उभ्या करत नाहीत.

दुसरा वाद मात्र मोठा झाला. आपला जुना फॉर्म होता. नाव, वय, गाव, मोबाइल, जनावरं किती. आदिती म्हणाली, आधी मला गावं बघू द्या. आणि ती फिरली. आमची आक्का तिच्यासोबत. एका घरात बाई सांगते, "आमचं मालक बहिरं हाईत, हाका मारून उपेग न्हाय, दारावर काठी आपटा." दुसऱ्या घरी म्हातारी सांगते, मला बोटीत घाला पण माझी म्हैस व्यायला झाल्याय, तिला एकटी सोडणार नाही. तिसऱ्याच्या घरात पोराला फिट येते. आता सांगा, बहिऱ्या माणसाच्या दारावरची काठी कुठल्या रकान्यात लिहायची?

सयाजीरावांचं म्हणणं, रकाने ठरलेले असले की हिशेब सोपा. अमुक कॅम्पात माणसं किती, पटकन कळतं. त्यांचंही चूक नव्हतं. नुसतं ज्यानं त्यानं हवं ते लिहिलं तर पुरात ते वाचणार कोण?

तेव्हा आदितीनं जो डेटाबेस निवडला त्याची गंमत ही की त्यात दोन्ही जमतं. एकीकडं रीतसर तक्ते: हा माणूस या कुटुंबातला, हे कुटुंब या वस्तीवरचं, ही वस्ती या बोटीच्या टप्प्यात, ही बोट या कॅम्पाला जाणार. सगळी नाती पक्की बांधलेली. आणि दुसरीकडं प्रत्येक कुटुंबाचं एक गाठोडं. त्यात ज्याला जे सांगायचं ते जावं. एकात काठी, एकात म्हैस, एकात औषधाचं नाव. दोन्हींवर एकदमच प्रश्न विचारता येतो. शेवटी तिनं एक ओळ घातली, "आणखी काही सांगायचं आहे का?" सयाजीराव म्हणाले, हे काढ, लोक रामायण सांगत बसतील. ती म्हणाली, सांगू देत की.

हे सगळं आपण गावोगाव भरून घेतलं. आणि गेल्या वर्षी पाणी आलं.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, हायवे बंद पडला, आणि आपण राजारामपुरीतल्या एका शाळेच्या वर्गात बसलो. सकाळी आदितीनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. सयाजीराव म्हणाले, "मेलं जनू." आदिती म्हणाली, "झोपलं होतं काका. उठतंय." आक्कानं बशीत ओतलेला चहा निवायच्या आत नोंदी समोर आल्या. नंतर एकेक कॅम्प जोडला गेला. जयसिंगपूर आलं, हातकणंगले आलं, दुपारपर्यंत इतक्या ठिकाणांहून माणसं माहिती घालत होती आणि विचारत होती की मला वाटलं, आता हे बसतंय. पण बसलं नाही. उलट आम्हीच पाय मोकळे करायला उठलो.

आता जे सांगतो ते ज्यांच्याविषयी आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतो.

दुपारी आजच्या अध्यक्षा, डॉ. पूर्णिमाताई, यांचा जयसिंगपूरहून फोन आला. त्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर. म्हणाल्या, "डायलिसिसचे कोणते पेशंट गावात अडकलेत ते बघा. माझे मला माहीत आहेत, पण जे दुसरीकडं जातात त्यांचं कुणालाच माहीत नसेल. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, मग धावपळ करूनही उपयोग नसतो."

आदितीनं 'डायलिसिस' शब्द टाकून शोधलं. काही नावं आली, ते सगळे आधीच बाहेर पडलेले. आम्ही निःश्वास टाकला. ती मात्र तशीच बसून राहिली. आक्काला म्हणाली, "आक्का, तुमच्या माहेरी कुणाला डायलिसिस असेल तर कसं सांगतील?"

आक्का म्हणाली, "डायलिसिस कशाला म्हनतील? मशिनीवर जातंय म्हनतील."

तिनं 'किडनी' टाकून बघितलं, 'मशीन' टाकून बघितलं, 'रक्त' टाकून बघितलं. आणि एक नोंद वर आली. जयसिंगपूरच्या कॅम्पात पोचलेल्या अंबूबाईंची. तिथं माहिती घेत होती आपली तेजस्वी, कॉलेजात शिकवते ती. अंबूबाई जे बोलल्या ते तिनं शब्दाला शब्द तसंच घातलं होतं: "भाऊ, कृष्णात नाव त्याचं, मागं राहिलाय. त्याचं रक्त मशिनीवर धुत्यात. उठवत न्हाय त्याला."

तक्ते मग पटापट बोलले. अंबूबाई या कॅम्पात, त्यांचा भाऊ त्या वस्तीवर, त्या वस्तीजवळ आपली एकच बोट. ती बोट निघालेली होती पलीकडच्या मगदूम मळ्याकडं. तिथली नोंद शेजाऱ्यांनी घातलेली: एक माणूस, म्हशी, एक गाय, यायला तयार नाही.

आदिती थांबली. आम्हाला वाटलं, अंतर बघत असेल. मग तिनं बोटवाल्याला फोन लावला. "मळ्याकडं नंतर जा. आधी कृष्णातदादांकडं."

आम्ही पुढच्या कामाला लागलो. कुणाला काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं. मगदूम आडनावाची माणसं शिरोळ तालुक्यात काय थोडी आहेत?

आणि तेवढ्यात रत्नाबाई डबा घेऊन आल्या. घरची रीत अशी की जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं, म्हणून लेकीसाठी डबा घेऊन पाण्यापावसातून आलेल्या. त्यांनी आक्काला विचारलं, "आमचं आप्पा पोचलं का हो? बोट निघाल्याय असं कळलंतं."

"कुठलं आप्पा?"

"आदितीचं वडील की. मळ्यातच हाईत. आमी चार डाव सांगितलं, जनावरं सोडून येत न्हाईत."

मंडळी, वर्गातल्या सगळ्यांची तोंडं आदितीकडं वळली. पहिला आवाज अर्थातच आक्काचा. "आगं, तुझा बाप पाण्यात हाय, आन् तू बोट दुसरीकडं धाडलीस? तोंडातनं एक शब्द काढला न्हाईस व्हय?"

आदिती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही बोट फिरवली असती, आक्का."

सयाजीरावांच्या हातात फोन होताच. ते नंबर लावायलाही लागले होते. ती उठली, त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "काका, नको. आप्पांना माडीवर चढता येतं. कृष्णातदादांना उठून बसताही येत नाही." आवाज स्थिर होता, पण सयाजीरावांचा हात तिनं असा धरला होता की त्यांच्या मनगटावर बोटं उमटली. खोटं असेल तर सयाजीरावांनी सांगावं.

मी काय करणार होतो? मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी बोट फिरवू शकत होतो. मी रत्नाबाईंकडं बघितलं. म्हटलं, बाई म्हणतील तसं. नवरा त्यांचा होता.

रत्नाबाईंनी डबा बाकावर ठेवला. झाकण उघडलं, परत लावलं. म्हणाल्या, "बोट जाऊ दे तिकडं. त्याच्या घरात बी मानसं वाट बघत असत्याल." मग लेकीकडं वळल्या. "पर तू बस आन् बघ. एवढं सगळ्यांचं लिवून घेतलंय तुमी, आनिक कुनाकडंच काय नसंल व्हय?"

आदिती बाहेर गेली. नळावर तोंड धुतलं. परत आली आणि बसली.

बोट शोधली. नाही. होडी शोधली. नाही. हवा भरलेल्या ट्यूब होत्या त्या सगळ्या कामात गुंतलेल्या. मग तिनं वस्तूंची नावंच सोडली आणि नुसतं 'पाण्यावर' एवढंच टाकून मळ्याच्या आसपासच्या वस्त्यांतली गाठोडी धुंडाळली. जोतीराम, उभा राहा बघू जरा. लाजतोस काय? मंडळी, हा जोतीराम. याचं गुऱ्हाळ आहे, मळ्याच्या वरच्या अंगाला. यानं त्या शेवटच्या ओळीत सांगून ठेवलं होतं: "गुऱ्हाळाची काहील हाय. पाण्यावर चालती. लागली तर सांगा."

सयाजीराव, हीच ती काढून टाकायची ओळ.

आता काहील म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही, पण पुण्याचे पाहुणे आहेत म्हणून सांगतो. ज्यात उसाचा रस आटवून गूळ करतात ती लोखंडी कढई, माणसं बसतील एवढी. पुरात आपल्याकडं ती नावेसारखी चालवतात. भर धारेत नाही नेता येत, पण उसाच्या शेतात पाणी साचून राहिलेलं असतं, तिथं जपून जाते.

आदितीनं फोन केला. सांगितलं, पाण्याला ओढ असेल तर जाऊ नका. जोतीराम म्हणाला, "शेतातल्या पान्याला वड न्हाय. वड्याच्या तोंडाला हाय, तितनं लांबनं काढतो." पुतण्याला घेऊन बांबू टेकत टेकत निघाला.

पुढचं सगळं मी जोतीरामाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि धनपाल आप्पांनी अजून ते खोडून काढलेलं नाही.

हा पोचला तर आप्पा गोठ्यात गुडघाभर पाण्यात उभे, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. हा म्हणाला, "आप्पा, चला, बसा."

"म्हशी?"

"म्हशी मागनं पवत येतील. दावी धरू आपन."

"आन् गाय? म्हातारी हाय ती. तिला जमायचं न्हाय."

"आप्पा, पानी चढायलंय."

"मग तू जा. मी हाय हितंच."

जोतीराम काकुळतीला आला. म्हणाला, "आवो, तुमच्या लेकीनं फोन केलाय मला. तिकडं तिचा जीव थाऱ्यावर न्हाय. बोट तुमच्याकडंच येत हुती, तिनंच ती दुसऱ्याकडं वळवल्याय."

आप्पा म्हशीकडनं वळले. म्हणाले, "कुनाकडं?"

"कृष्णाताकडं. मशिनीवर जातोय की त्यो."

आप्पांनी थोडा विचार केला. "मग बरोबर हाय," म्हणाले, आणि जनावरांची दावी सोडायला लागले. म्हशी आपसूक पोहत आल्या. गायीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. काहिलीत बसून तिचं दावं हातात धरलं होतं. ओढ्याजवळनं जाताना तिचे पाय सुटले आणि दावं हातातनं निसटलं. ती गेली. आप्पा वरच्या कोरड्या माळावर पोचेपर्यंत मागं वळून बघत होते, असं जोतीराम सांगतो. आप्पा, मी हे सांगतोय त्याबद्दल राग मानू नका. चांगलं झालं तेवढंच सांगून तुमच्या लेकीला निरोप देणं मला बरोबर वाटलं नाही.

इकडं वर्गात आम्ही सगळे काम करत होतो आणि कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. आधी बोटवाल्यांचा निरोप आला: कृष्णातदादांना घेतलं, काठावर गाडी उभी आहे. पूर्णिमाताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "आले की मशीन तयार आहे." नंतर बराच वेळ मळ्याकडनं काही नाही. रत्नाबाई बाकावर डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत बसल्या होत्या.

आणि मग आदितीच्या समोरची एक नोंद बदलली. माळावरच्या कार्यकर्त्यानं ती भरली होती. तिनं मोठ्यानं वाचली. "धनपाल मगदूम. सुखरूप. सोबत म्हशी. गाय वाहून गेली. जेवायला बोलावलं तर म्हणाले, आधी धारा काढतो."

वाचून झालं आणि इतका वेळ स्वतःला सावरून धरलेली ही पोरगी बाकावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. आक्कालाही रडू फुटलं. सयाजीराव खिडकीतून बाहेर पाऊस बघत असल्याचं दाखवत होते. रत्नाबाई तेवढ्या उठल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "दिवस मावळायला आलाय. खा आधी."

मंडळी, कृष्णातदादा आज इथं आहेत. तिसऱ्या रांगेत, अंबूबाईंच्या शेजारी. काल त्यांची मशिनीची पाळी होती, थकवा असतो, तरी आले. त्यांना मी म्हटलं, दोन शब्द बोला. तर म्हणाले, "मी काय बोलू? मी आलोय की." यापेक्षा मोठं भाषण मला तरी येणार नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. एका वस्तीवर टॉवरच बंद पडला आणि तिथल्या नोंदी दुसऱ्या दिवशी आल्या. एकच माणूस दोन नावांनी दोन कॅम्पांत सापडला आणि त्याच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागला. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्यापर्यंत आपण पोचलोच असं छातीठोक सांगता येत नाही. आदितीनं पाणी उतरल्यावर पहिली सभा घेतली ती या चुकांवर. सत्काराचा नारळ मी घेऊन आलो होतो, तो तसाच पिशवीत राहिला. आज सकाळी नवा आणलाय.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ही गेल्यावर काय? मलाही तो पडला होता. मी तिला म्हटलं, "बाई, तू चाललीस, उद्या ते झोपलं आणि उठलंच नाही तर?" तिनं मला तेजस्वीकडं पाठवलं. तेजस्वीनं मागच्या महिन्यात, आदिती पुण्याला गेलेली असताना, कुणालाही न सांगता खोटा पूर लावून बघितला. सगळ्या गावांतल्या बायका एकदम कामाला लावल्या. एका गावात तर पाणी खरंच आलं असं समजून सरपंचांनी गाडी बाहेर काढली. पण नोंदी आल्या, शोध लागले, चुका सापडल्या त्या तेजस्वीनंच दुरुस्त केल्या. आदितीला हे दुसऱ्या दिवशी कळलं. ती मला म्हणाली, "काका, आता मी निघायला हरकत नाही."

तेजस्वी, तुझ्यावर आता भार आहे. तुझ्यासोबत गावोगावच्या या मुली, सुना, बचत गटातल्या बाया आहेत. पावसाला अजून अवकाश आहे. या वर्षी काठावरच्या बहुतेक वस्त्यांची माहिती पाऊस यायच्या आधीच भरून तयार आहे. आयुष्यभर पुराच्या बातम्या ऐकत आलोय मी. पण पावसाळा जवळ आला आणि मी रात्री निवांत झोपतोय, असं हे माझं पहिलंच वर्ष.

एक अडचण तेवढी राहिलीय आणि ती इथंच बसली आहे. धनपाल आप्पा. गेल्या वर्षी त्यांची नोंद शेजाऱ्यांनी घातली होती. यंदा तेजस्वी मळ्यात गेली तर म्हणाले, "माझं काय लिवून घेतीस? मी कुटं जातोय?" आप्पा, सगळ्या सभेसमोर सांगतो, तुमच्या लेकीनं आमच्याकडून शाल घेतली नाही, ट्रॉफी घेतली नाही. मागितलं ते एकच. आज इथं आलेल्यांपैकी ज्यांच्या घरची माहिती भरायची राहिली असेल त्यांनी जेवायच्या आधी ती भरावी. पलीकडच्या टेबलावर तेजस्वी बसणार आहे. मला वाटतं तिचा रोख...

काय म्हणता आप्पा? उभे राहिलात? थांबा, माइक द्या रे त्यांना. माइक नको म्हणतात. बरं, बोला, मागच्यांना ऐकू जात नसेल तर मी सांगतो.

आप्पा म्हणतात, "तेजस्वी, हितंच लिवून घे. टेबलाकडं कशाला जाऊ?"

घे तेजस्वी. फोन काढ.

"नाव धनपाल. राहनार मळ्यात. म्हशी चार, रेडकू एक." बरं. "घरात मानसं तीन. मी. बायकू रत्नाबाई, कोल्हापुरात असती. लेक आदिती."

सावकाश सांगा आप्पा, ती लिहितेय.

"आदितीचा पत्ता गुवाहाटी. पानी आलं तर तिला पयला फोन करा. काळजी करती ती." घेतलंस? आणि... काय? जरा मोठ्यानं. मंडळी, शांत राहा. आप्पा म्हणतात, "बोट आली तर मी बसतो, असं लिव."

आदिती, पूस डोळे. हे तुझ्यासमोर भरलं गेलंय, आता तू निवांत जा.

मी थांबतो. अध्यक्षांनी मला आवरलं नाही हा त्यांचा मोठेपणा. आक्कानंही आवाज दिला नाही, कारण त्या स्वतःच पदरानं डोळे टिपतायत. लांबून आलेल्या सर्वांचे, हा हॉल आपल्याला देणाऱ्यांचे, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या बायकांचे मी मंडळाच्या वतीनं मनापासून आभार मानतो. कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, सयाजीरावांची थट्टा हातभर जास्त झाली असेल, त्या डेटाबेसविषयी काही उलटसुलट सांगितलं असेल, तर माझं वय बघून ते पोटात घाला. आदिती, ब्रह्मपुत्रेचं पाणी आपल्या कृष्णेपेक्षा फार मोठं आहे असं म्हणतात. पण काठावरची माणसं जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पोचलीस की फोन कर. आम्ही सगळे इथं आहोत.

धन्यवाद.